गिअरबॉक्स हातानेच बसला पाहिजे: घरी क्लच बदलणाऱ्यासाठी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी छोटी, पेट्रोलची, पुढच्या चाकांवर चालणारी, क्लच केबलचा. चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, पण गाडी त्या मानाने पुढे सरकत नाही. ब्रेक पॅड, शॉक अॅब्सॉर्बर, इंजिन ऑइल ही कामं तुम्ही स्वतः केली आहेत. आता क्लचही घरी बदलता येईल का?

येईल. पंचवीस वर्षं हेच काम करतोय, त्यातली पहिली काही वर्षं लिफ्टशिवाय, जमिनीवर पाठ टेकून. त्यामुळे घरी हे काम होतं हे मी अनुभवाने सांगतो. पण ब्रेक पॅड बदलणं आणि क्लच बदलणं यात एक मोठा फरक आहे. क्लच प्लेट, म्हणजे इंजिनची ताकद गिअरबॉक्सला देणारी अस्तर लावलेली चकती, बदलायला पंधरा मिनिटं लागतात. बाकीचा सगळा वेळ तिच्यापर्यंत पोचण्यात आणि तिथून परत येण्यात जातो. आणि काम बिघडतं ते बहुतेक वेळा परत येताना, गिअरबॉक्स इंजिनला पुन्हा लावतानाच्या शेवटच्या इंचभर अंतरात. म्हणून त्या एका इंचाबद्दल मी जास्त लिहिणार आहे.

त्याआधी क्लच खरंच गेलाय का, ते बघा. गिअरबॉक्स उतरवल्यावर प्लेट चांगली निघाली तर दोन दिवस पाण्यात जातात.

सपाट, मोकळ्या रस्त्यावर गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी 40-50 किलोमीटरवर आणा आणि अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचे फेरे दाखवणारा काटा एकदम वर उडाला आणि वेग मागून सावकाश आला, तर क्लच घसरतोय. काटा आणि वेग बरोबरीने चढले तर क्लच धरतोय आणि पिकअप नसण्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. हँडब्रेक ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पडतं का बघायची पद्धतही आहे. ती एकदाच करा. चार वेळा केलीत तर शिल्लक अस्तर तिथेच जाळून बसाल.

क्लच घसरतोय हे नक्की झालं तरी लगेच पाना हातात घेऊ नका. केबलच्या गाडीत पेडलला थोडी मोकळी चाल असावी लागते, म्हणजे पेडल हाताने दाबलं की सुरुवातीचे काही मिलिमीटर ते बिनजोराचं हललं पाहिजे. किती, ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. साधारण 10 ते 25 मिलिमीटरच्या मधला आकडा सापडेल. प्लेट झिजत जाते तशी ही चाल कमी होत जाते. ती शून्यावर आली की रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग, प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या कव्हरच्या, स्प्रिंगच्या बोटांवर सतत दाब देत राहतं, म्हणजे पेडलवर कायमचा पाय ठेवल्यासारखंच झालं. मग चांगली प्लेटसुद्धा घसरते. केबलच्या टोकाचा नट फिरवून चाल नीट करा आणि पुन्हा चाचणी घ्या. काही गाड्यांत पेडलपाशीच आपोआप चाल सांभाळणारी दातेरी पट्टी असते, ती अडकलेली नाही ना तेही बघा.

आवाजावरून आणखी एक गोष्ट कळते. इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये. पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली तर रिलीज बेअरिंग. पेडल सोडलेलं असताना घरघर आहे आणि दाबल्यावर ती थांबते, तर तो आवाज गिअरबॉक्सच्या आतल्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमधून जाणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगचा असतो, आणि नवीन क्लच टाकून तो जाणार नाही. गिअरबॉक्स उतरणारच आहे, तर हे आधी माहीत असलेलं बरं. रिव्हर्स टाकताना दाते कडाकडा वाजत असतील तर तो वेगळा आजार आहे. तिथे क्लच घसरत नसतो, पूर्ण सुटत नसतो. त्याचं कारण ताणलेली केबल, हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा) क्लच असेल तर पाइपमध्ये शिरलेली हवा, किंवा शाफ्टवर अडकलेली प्लेट. आणि गाडी सुटताना थरथरत असेल तर आधी इंजिन माउंटिंगचं रबर बघा.

आता जागा. सपाट, पक्कं काँक्रीट हवं. मातीवर, फरशीवर, उतारावर हे काम नाहीच. गाडी जॅक स्टँडवर, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच टेकवायची, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे. ट्रॉली जॅक उचलायला असतो, पेलून धरायला नसतो. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली एक हातसुद्धा घालू नका. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला बाजूने जोरात धक्का देऊन बघा. हलायची असेल तर तुम्ही बाहेर असतानाच हलू दे. पुढे तुम्ही टॉमी (लोखंडी दांडा) घालून ओढणार आहात, अडकलेले बोल्ट झटका देऊन सोडवणार आहात, ते सगळे धक्के त्या स्टँडना बसणार आहेत. आणि उंची नीट मोजा. गिअरबॉक्स जॅकवर खाली आल्यावर बंपरखालून बाहेर सरकायला हवा. जॅकची उंची अधिक गिअरबॉक्सची उंची, एवढी जागा नसेल तर तो गाडीखालीच अडकून बसतो.

दुसरी तयारी वजनाची. छोट्या गाडीचा गिअरबॉक्ससुद्धा 30-40 किलोचा असतो. हा आकडा ऐकायला मोठा वाटत नाही. पण पाठीवर झोपून, हात वर करून, वेडावाकडा, तेलकट, कुठेही धड पकडता न येणारा 35 किलोचा तुकडा छातीच्या वर धरून त्याचा शाफ्ट एका बारीक भोकात घालायचा म्हणजे काय, ते केल्याशिवाय कळत नाही. म्हणून गिअरबॉक्स जॅक भाड्याने आणा. नाहीच मिळाला तर ट्रॉली जॅकच्या डोक्यावर गिअरबॉक्सच्या बुडाच्या आकाराचा लाकडी ठोकळा पक्का बसवा आणि गिअरबॉक्स पट्ट्याने त्याला आवळून बांधा. आणि दुसरा माणूस हवाच. तो पाने देण्यासाठी नको, तोल धरण्यासाठी हवा. एकट्याने करू नका, हे मी आग्रहाने सांगतोय.

तिसरी तयारी इंजिनची. आडव्या इंजिनाच्या गाडीत गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग सोडलं की इंजिनचं ते टोक खाली झुकतं. त्याला वरून, दोन्ही फेंडरच्या आतल्या कडांवर टेकणाऱ्या आडव्या दांड्याला साखळीने टांगणं उत्तम. खालून जॅक लावायचाच झाला तर ऑइल पॅनवर रुंद लाकडी फळी ठेवून लावा, नाहीतर पॅन आत चेपतं. खालचा जॅक तुमच्याच वाटेत येतो, म्हणून मी नेहमी वरचा दांडा पसंत करतो.

सामान आणताना क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकत्र घ्या. नुसती प्लेट बदलून भागवायचा मोह होतो. पण जुन्या प्रेशर प्लेटची डायफ्राम स्प्रिंग थकलेली असते, आणि बेअरिंग सहा महिन्यांनी वाजायला लागलं तर हेच सगळं पुन्हा उतरवावं लागेल. बरोबर ड्राइव्ह शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे) दोन्ही ऑइल सील, मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल, चाकांच्या मध्याचे नवे अॅक्सल नट, आणि केबल जुनी असेल तर केबलही. सेट घेताना गाडीचं नाव सांगू नका, चॅसिस नंबर सांगा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक प्लेटचा व्यास आणि मधल्या स्प्लाइनची (दात्यांची) संख्या बदललेली असू शकते. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि प्लेट मधोमध धरायचा अलाइनमेंट टूल याशिवाय सुरुवात करू नका. टूल बहुतेक सेटबरोबरच मिळतो, प्लास्टिकचा असला तरी चालतो.

उतरवण्याचा क्रम मी भराभर सांगतो, कारण तो गाडीगणिक थोडा बदलतो आणि मॅन्युअल तो जास्त नेमका सांगेल. गाडी चाकांवर उभी असतानाच अॅक्सल नट आणि चाकांचे नट फक्त मोकळे करून घ्या. मग गाडी वर. बॅटरीची निगेटिव्ह तार आधी, मग बॅटरी आणि तिचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा. क्लच केबल, गिअरच्या केबल किंवा दांड्या, रिव्हर्स लाइटच्या स्विचचा कनेक्टर, स्पीड सेन्सर, अर्थची तार, स्टार्टर. प्रत्येक टप्प्यावर फोनने फोटो काढा. तार कुठल्या क्लिपमधून जात होती हे उद्या आठवत नाही.

खाली आलात की ऑइल काढण्याआधी भरायचा प्लग मोकळा होतोय का ते बघा. आधी काढायचा प्लग उघडून ऑइल सांडून दिलं आणि भरायचा प्लग गंजून घट्ट बसलेला निघाला, तर गिअरबॉक्स रिकामा आणि भरायला वाट नाही. भरायचा सुटला की मगच खालचा उघडा. मग खालचे बॉल जॉइंट सोडून हब बाहेर ओढा आणि ड्राइव्ह शाफ्ट काढा. शाफ्टला हात घालून खेचू नका, आतला जॉइंट शाफ्टवरच सुटून येईल. गिअरबॉक्सच्या कडेला टॉमी टेकवून जॉइंटच्या वाटीलाच झटका द्या, आतली सर्क्लिप (अडकवून धरणारी कडी) सुटते. सील फाटणार नाही एवढं मात्र सांभाळा.

बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला लागणाऱ्या घंटेसारख्या तोंडाचे, बोल्ट एका लांबीचे नसतात. एका पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या तोंडाचा ढोबळ आकार काढा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर कास्टिंग फुटतं, आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-तीनच आट्यांवर लटकतो. वरचा एक आणि खालचा एक बोल्ट शेवटपर्यंत ठेवा, जॅक खाली लावून पट्टा आवळा, मगच ते काढा. गिअरबॉक्स सुटायला तयार नसेल तर गाइड पिन (दोन्ही तोंडं एका रेषेत ठेवणाऱ्या खुंट्या) गंजून धरलेत. कडेने थोडं थोडं उचकटा, एकाच जागी जोर नको. आणि सुटल्यावर तो सरळ मागे आला पाहिजे. शाफ्ट प्लेटमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत त्याचं वजन जॅकवरच असू दे. अर्धवट बाहेर असताना तो शाफ्टवर लटकला तर प्लेटचा मधला भाग वाकतो. जुनी प्लेट वाकली तर काही बिघडत नाही, पण हीच चूक परत लावताना नव्या प्लेटशी होते.

आता क्लच समोर आहे. इथे दहा मिनिटं काहीही करू नका, नुसतं बघा. हवेच्या पाइपने धूळ उडवू नका. जुन्या अस्तरांमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, आणि नसलं तरी ती बारीक पूड फुप्फुसात जायच्या लायकीची नाही. मास्क लावा, ब्रेक क्लीनर फवारून ओल्या फडक्याने पुसा.

प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढायचे नाहीत. समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा, सगळे सारखे ढिले करत जा, म्हणजे स्प्रिंगचा ताण एका बाजूला जाऊन कव्हर वाकत नाही. शेवटच्या बोल्टला प्लेट खाली पडते, हात तयार ठेवा.

जुनी प्लेट हातात घ्या आणि उजेडात धरा. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटचं डोकं किती आत आहे ते बघा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये शेवटची मर्यादा 0.3 मिलिमीटर दिलेली असते, म्हणजे नखाची कडसुद्धा जेमतेम अडकेल इतकीच. रिव्हेट उघडे पडले असतील तर फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनच्या टोकाच्या जड चाकावर, त्यांनी गोल चरे पाडलेले दिसतील. अस्तर सगळीकडून सारखं झिजलं असेल तर प्लेट आपलं आयुष्य जगून गेली. पण अस्तर जाड आहे, वर काळी चकाकी आहे, बोट फिरवलं तर चिकट लागतं, तर प्लेट तेलाने गेली. मग ते तेल कुठून आलं ते शोधल्याशिवाय नवीन प्लेट लावायची नाही. बेल हाउसिंगच्या आत, इंजिनच्या बाजूने ओघळ असेल तर क्रँकशाफ्टचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं सील. गिअरबॉक्सच्या बाजूने, शाफ्टच्या मुळाशी ओल असेल तर इनपुट शाफ्टचं सील. वासावरूनही कळतं, गिअर ऑइलचा वास उग्र, गंधकासारखा असतो. माझ्याकडे एकदा वर्षभरात दुसऱ्यांदा क्लच गेलेली गाडी आली. आधीच्या ठिकाणी प्लेट बदलली होती, पण तिच्या मागचं गळकं सील तसंच ठेवलं होतं. मालकाला दोनदा तोच खर्च आणि दोनदा तीच तोडजोड. ते सील खिशात मावेल एवढं असतं.

मग फ्लायव्हील. पृष्ठभागावर निळसर डाग म्हणजे तो तापून कडक झालाय. केसासारख्या बारीक रेषा म्हणजे उष्णतेच्या चिरा. वरवरच्या रेषा घासून जातात, नखाला लागणारी चीर असेल तर फ्लायव्हील बदला. हलके चरे असतील तर फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणं) करून घेता येतं, पण किती पातळ करायचं याची मर्यादा असते, तीही मॅन्युअलमध्येच. नुसती चकाकी असेल तर बारीक एमरी पेपरने आडवे-तिडवे हात मारून ती मोडा आणि ब्रेक क्लीनरने पुसून घ्या. फ्लायव्हील काढलंच तर त्याचे बोल्ट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचे असतात, नवे आणा. काही बोल्टांची भोकं आरपार इंजिनच्या आत जातात, तिथे आट्यांना सीलंट लावलं नाही तर त्याच वाटेने ऑइल झिरपून नव्या प्लेटवर येतं. तुमच्या गाडीत साधं एकसंध फ्लायव्हील असण्याचीच शक्यता जास्त आहे. दोन तुकड्यांचं, आत स्प्रिंग असलेलं फ्लायव्हील, जे डिझेल गाड्यांत जास्त येतं, त्याचं फेसिंग करत नाहीत. त्याच्या दोन भागांमधली चाल मोजायची आणि मर्यादेबाहेर असेल तर ते पूर्ण बदलायचं.

गिअरबॉक्सकडे वळा. जुनं बेअरिंग काढा, फोर्क (बेअरिंगला ढकलणारा दुतोंडी हात) बाहेर घ्या. ज्या गोल टोकावर फोर्क डोलतो तिथे खड्डा पडलाय का, फोर्कला चीर आहे का बघा. बेअरिंग ज्या नळीवर सरकतं ती हाताला गुळगुळीत लागली पाहिजे. नवं बेअरिंग पेट्रोलने किंवा क्लीनरने धुवायचं नाही, त्याच्या आतलं ग्रीस धुऊन जातं. फोर्कच्या टोकांना आणि मधल्या टेकूला हाय टेंपरेचर ग्रीसचं थोडंसं बोट. नळीला ग्रीस लावायचं की नाही हे बेअरिंगवर ठरतं. आत प्लास्टिकची बाही असेल तर बहुधा कोरडंच ठेवायचं असतं, सेटबरोबरचा कागद वाचा.

नवी प्लेट शाफ्टवर आत्ताच, हाताने सरकवून बघा. ती अडखळता कामा नये. सैलही डुलायला नको. इथेच चुकीचा सेट पकडला जातो. स्प्लाइनवर ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, प्लेट दोन-तीनदा आत-बाहेर करा, बाहेर आलेलं सगळं पुसून टाका. राहिलेलं ग्रीस इंजिन फिरायला लागलं की उडून थेट अस्तरावर जातं.

प्लेट कुठल्या तोंडाने लावायची? बहुतेक प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू असं छापलेलं असतं. छापलेलं नसेल तर स्प्रिंग असलेला फुगीर मधला भाग सहसा गिअरबॉक्सकडे येतो. पण सहसा या शब्दावर विसंबू नका. जुनी काढण्याआधी तिचा फोटो घेऊन ठेवा आणि नवी फ्लायव्हीलवर उलट-सुलट टेकवून बघा. चुकीच्या बाजूने तिचा मधला भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना अडतो. प्लेट उलटी बसली तर सगळं जोडून झाल्यावर क्लच सुटतच नाही आणि गाडी गिअरमध्ये जात नाही.

नव्या प्रेशर प्लेटवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो पुसून घ्या. हात धुवा. अस्तराला तेलकट बोट लावू नका. अलाइनमेंट टूल घालून प्लेट धरा, वर कव्हर गाइड पिनांवर बसवा, बोल्ट हाताने चढवा आणि सोडताना जसे सोडले तसेच, समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. शेवटी मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क रेंच. 8 मिलिमीटरच्या या बोल्टांना साधारण 20-25 न्यूटन-मीटर असतो, म्हणजे फार नाही, अंदाजाने आवळणारा माणूस इथे नेहमी जास्तच आवळतो. फ्लायव्हील फिरू नये म्हणून रिंगचे दाते धरणारं लॉक वापरा. आवळून झाल्यावर टूल काढून पुन्हा घाला. तो सहज, जोर न लावता आत-बाहेर झाला पाहिजे. ओढावा लागत असेल तर प्लेट मधोमध नाही, बोल्ट ढिले करून पुन्हा करा. हायड्रॉलिक गाडीत, आणि विशेषतः क्लचचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आतच असेल तर, गिअरबॉक्स खाली असताना पेडलला कोणी हात-पाय लावायचा नाही. पिस्टन बाहेर उडून येतो.

आता तो एक इंच.

बेल हाउसिंगचे दोन्ही गाइड पिन जागेवर आहेत ना ते आधी बघा. कधीकधी ते गिअरबॉक्सबरोबर निघून येतात आणि साफसफाईत हरवतात. ते नसतील तर शाफ्ट आणि क्रँक एका रेषेत राहत नाहीत, क्लच थरथरतो आणि प्लेटचा मधला भाग लवकर फुटतो. गिअरबॉक्स जॅकवर बांधा, कुठल्याही गिअरमध्ये टाका. वर घ्या. शाफ्टचं टोक प्लेटच्या भोकासमोर आणा आणि मग जॅककडे नको, फटीकडे बघा. इंजिनचं तोंड आणि गिअरबॉक्सचं तोंड यांच्यामधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखी दिसली पाहिजे. वर बोटभर आणि खाली दोन बोटं असेल तर शाफ्ट तिरका आहे, कितीही ढकला, जाणार नाही. इंजिनचं टोक खाली झुकलेलं असतं, म्हणून गिअरबॉक्सही तेवढाच झुकवावा लागतो.

फट सारखी झाली की सरळ पुढे ढकला. शाफ्ट आत शिरतो आणि मग थांबतो, कारण त्याचे दाते प्लेटच्या दात्यांवर टेकलेत. दुसऱ्या माणसाला ड्राइव्ह शाफ्टच्या भोकातून, किंवा स्पॅनर लावून क्रँकची पुली, किंचित फिरवू द्या. गिअर टाकला आहे म्हणूनच ड्राइव्ह शाफ्टच्या भोकातलं फिरवणं इनपुट शाफ्टपर्यंत पोचतं. दाते जुळले की गिअरबॉक्स हातात अचानक हलका होतो आणि पुढे सरकतो. तो क्षण एकदा अनुभवला की पुन्हा चुकत नाही. मग तोंडं एकमेकांना टेकेपर्यंत तो हातानेच गेला पाहिजे.

इंचभर फट राहिली, हात दुखायला लागले, संध्याकाळ झाली, आणि लांब बोल्ट समोर दिसतायत. बोल्ट चढवून आवळले तर आपोआप ओढला जाईल असं वाटतं. हे करू नका. मी शिकाऊ असताना केलं होतं. दोन बोल्ट चढवले, समोरासमोर आवळत गेलो, फट कमी होताना दिसत होती. मग सुकी फांदी मोडावी तसा आवाज आला आणि गिअरबॉक्सच्या कास्टिंगचा एक कान बोल्टसकट माझ्या छातीवर पडला. अॅल्युमिनियम कास्टिंग असंच तुटतं, वाकून इशारा देत नाही. शाफ्ट तेव्हा प्लेटच्या दात्यांवर अडकून होता. उस्तादांनी काही न बोलता गिअरबॉक्स पुन्हा खाली घेतला, प्लेट केसभर बाजूला होती ती सरळ केली, आणि तोच गिअरबॉक्स दोन हातांनी एका दमात आत गेला. बोल्टांचं काम पकडून ठेवण्याचं आहे, ओढण्याचं नाही. हाताने जात नसेल तर काहीतरी चुकलंय, आणि ते शोधण्याचा मार्ग एकच, गिअरबॉक्स मागे घेणं. थकला असाल तर तो जॅकवर बांधलेला तसाच खाली घ्या आणि सकाळी ताज्या हाताने करा.

तोंडं टेकली की सगळे बोल्ट हाताने चढवा, मग टॉर्कने आवळा. माउंटिंग लागल्याशिवाय इंजिनचा आधार काढू नका. बाकी उलट क्रमाने. ड्राइव्ह शाफ्टचे नवे सील बसवा, शाफ्ट ढकलताना सर्क्लिप टक करून बसल्याचं हाताला कळतं, मग हलकेच ओढून खात्री करा. अॅक्सल नट गाडी हवेत असतानाच, दुसऱ्याने ब्रेक दाबून धरल्यावर पूर्ण टॉर्कवर आवळा. ढिल्या नटावर गाडीचं वजन टाकलं तर चाकाचं बेअरिंग बिघडतं. गिअर ऑइल भरायच्या प्लगच्या कडेपर्यंत भरा, आणि ते भरल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. चाकाच्या नटांनाही टॉर्क रेंच लावायला विसरू नका.

इंजिन बंद असताना सगळे गिअर टाकून बघा. केबलची चाल मॅन्युअलप्रमाणे लावा. मग इंजिन सुरू करा, पेडल पूर्ण दाबून दोन-तीन सेकंद थांबा, रिव्हर्स टाका. न वाजता पडला तर क्लच पूर्ण सुटतोय. वाजला तर आधी केबलची चाल तपासा, प्लेटला दोष देण्याची घाई नको.

तुम्हाला पहिल्यांदा यात दोन पूर्ण दिवस जातील असं धरा, आणि तिसऱ्या दिवशी गाडीची गरज नाही ना तेही बघा. सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) उतरवावी लागणारी गाडी, चारही चाकांवर चालणारी गाडी, किंवा झिजेनुसार स्वतःला जुळवून घेणारी प्रेशर प्लेट, जिला बसवताना दाबून धरणारं खास टूल लागतं, यातलं काही तुमच्या गाडीत निघालं तर घरी करू नका, असंच मी सांगेन. तुम्ही वर्णन केलेली गाडी यातली वाटत नाही.

नव्या अस्तराला फ्लायव्हीलशी बसायला पहिले 300 ते 500 किलोमीटर द्या. शहरातल्या थांबत-सुटत चालण्याने ते लवकर बसतं. ओढून नेणं, भरलेल्या गाडीने चढावर क्लचवर गाडी तोलून धरणं, जोरात सुटणं या काळात टाळा. नवा क्लच सुरुवातीला पेडलच्या वेगळ्या उंचीवर धरतो, तो बिघाड नाही. पहिल्या 100 किलोमीटरनंतर गाडी पुन्हा एकदा स्टँडवर घ्या, शाफ्टच्या सीलपाशी आणि बेल हाउसिंगच्या बुडाशी ओल आहे का बोट लावून बघा, आणि केबलची चाल परत मोजा, पहिल्या दिवसांत ती थोडी बदलते.